प्रकाशाचा वेढा आणि त्याचे फाटक

प्रकाशाला थांबवता येत नाही, ही प्रकाशाने सिग्नल पाठवणाऱ्यांची जुनी अडचण आहे. विजेचे तसे नाही. तिचा भार कपॅसिटरमध्ये साठवता येतो, ट्रान्झिस्टरच्या जोडीत एखादा बिट हवा तितका वेळ बसवून ठेवता येतो आणि लागेल तेव्हा उचलता येतो. प्रकाश एकदा निघाला की पुढे जातो, नाहीतर वाटेत विरतो. आणि सिग्नलवर काही प्रक्रिया करायची तर कुणाला तरी थांबणे भागच असते. मघाचा सिग्नल आताच्याशी ताडून पाहायचा असो, दोन बिटांची बेरीज करायची असो की गोंगाटातून एखादी ठरावीक लय निवडायची असो, आधी आलेल्याला नंतर येणाऱ्याची वाट पाहावीच लागते. यावर अभियंत्यांना सापडलेला उपाय साधा होता: प्रकाश उभा राहत नसेल तर त्याला लांबच्या वाटेने पाठवायचे. काचेच्या फायबरमधून एक किलोमीटर जायला प्रकाशाला सुमारे 5 मायक्रोसेकंद लागतात. फायबर रिळावर गुंडाळले की तो किलोमीटर टेबलावर मावतो, आणि दोन टोके एकमेकांना जोडली की तोच किलोमीटर पुन्हा पुन्हा वापरता येतो. मात्र नुसता वेढा काही कामाचा नसतो. ठरल्या क्षणी प्रकाश आत सोडणारे, ठरल्या क्षणी बाहेर काढणारे, वाटेत त्याची तीव्रता किंवा फेज बदलणारे फाटक त्याला लागते. ते फाटक म्हणजे ऑप्टिकल मॉड्युलेटर. या जोडगोळीच्या गेल्या पन्नास वर्षांच्या इतिहासात श्रेय बहुधा फायबरला दिले जाते. माझे म्हणणे असे की बहुतेक वेळा निकाल फाटकाने लावला आहे. आणखी एक गोष्ट हा इतिहास दाखवतो: जिथे वाट पाहणे हेच काम होते तिथे वेढा टिकला, आणि जिथे वाट पाहणे हा निव्वळ खर्च होता तिथे तो मागे पडला.

ही कल्पना प्रकाशापेक्षा जुनी आहे, आणि तिचा पहिला अवतार पाऱ्याचा होता. दुसऱ्या महायुद्धात रडारवाल्यांना डोंगर आणि इमारतींवरून येणारे स्थिर प्रतिध्वनी वगळून फक्त हलणारे विमान पाहायचे होते. त्यासाठी मागच्या पल्सचा प्रतिध्वनी पुढच्या पल्सपर्यंत राखून ठेवून दोघांची वजाबाकी करायची होती. विजेच्या सिग्नलचे ध्वनीत रूपांतर करून तो पाऱ्याच्या नळीतून पाठवला की हे साधत असे. तीच नळी पुढे संगणकाची स्मृती झाली. पलीकडच्या टोकाला पोचलेला सिग्नल पुन्हा अलीकडच्या टोकात भरायचा, म्हणजे बिट नळीत फिरत राहतात. केंब्रिजचा एडसॅक 1949 मध्ये अशाच पाऱ्याच्या स्मृतीवर चालू झाला, आणि अमेरिकेतल्या युनिव्हॅकमध्येही तीच होती. इथे एक हिशेब मांडून ठेवतो, कारण पुढचे बरेच काही त्यावर उभे आहे. पाऱ्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1450 मीटर जातो, म्हणून एक मिलिसेकंद थांबवायला दीड मीटरभर नळी पुरते. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, म्हणून त्याच एका मिलिसेकंदासाठी 200 किलोमीटर फायबर लागते. साठवणीची जागा म्हणून फायबर हे पाऱ्यापेक्षा लाखपट वाईट आहे. त्याचे मोल वेगळीकडे आहे: पाऱ्याच्या नळीतून सेकंदाला काही लाख ते वीसेक लाख बिट कसेबसे जात, फायबरमधून अब्जावधी जातात. थोडा वेळ, पण त्यात प्रचंड माल, असा हा व्यवहार आहे. ज्यांनी हा व्यवहार नीट ओळखला त्यांचे काम झाले.

फायबर आणि फाटक यांचे जन्म स्वतंत्रपणे झाले आणि दोघांची गाठ उशिरा पडली. विजेच्या दाबाने स्फटिकाचा प्रकाशाशी असलेला व्यवहार बदलतो, हे फ्रिडरिश पॉकेल्स यांनी 1893 च्या सुमारास जर्मनीत अभ्यासले. पॉकेल्स परिणामाला दीर्घकाळ गिऱ्हाईक नव्हते, कारण तो दाखवायला हजारो व्होल्ट लागत. निसर्गात न सापडणारा लिथियम नायोबेट हा स्फटिक 1960 च्या दशकात मोठ्या आकारात वाढवता येऊ लागला, आणि 1974 मध्ये बेल लॅबमध्ये श्मिट आणि कॅमिनो यांनी त्यात धातूचा पातळ पट्टा उच्च तापमानाला मुरवून प्रकाशासाठी अरुंद वाट तयार केली. वाट काही मायक्रोमीटर रुंद, तिच्या दोन्ही बाजूंना सोन्याची इलेक्ट्रोड. अंतर इतके कमी की आता पाच-सहा व्होल्ट पुरू लागले. इकडे चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी 1966 मध्ये इंग्लंडमधल्या हार्लो इथून मांडले होते की काच पुरेशी शुद्ध केली तर ती सिग्नल दूर नेऊ शकेल. 1970 मध्ये कॉर्निंगने किलोमीटरला 20 डेसिबलच्या आतले फायबर काढून दाखवले आणि 1979 पर्यंत जपानमध्ये तो तोटा 0.2 डेसिबलवर आला. त्याच 1979 मध्ये भारतातला पहिला फायबर दुवा टेलिफोन एक्स्चेंज जोडण्यासाठी पुण्यात बसला. फायबर सरळ रेषेत टाकणाऱ्यांची ही वाट होती. ते गुंडाळून वापरणाऱ्यांनीही फार वेळ घेतला नाही: मायक्रोवेव्ह सिग्नलसाठी फायबरचे रीळ विलंबरेषा म्हणून वापरावे, असा प्रस्ताव 1976 मध्येच छापून आला होता. रडारचे जुने काम, पाऱ्याच्या जागी काच.

आता फाटक जवळून पाहू. नेहमीच्या मॉड्युलेटरमध्ये आत आलेला प्रकाश दोन वाटांत विभागतो आणि पुढे पुन्हा एक होतो. एका वाटेवर व्होल्टेज दिले की तिथला प्रकाश किंचित मागे पडतो. दोन्ही लाटा सुरात असल्या तर पूर्ण प्रकाश बाहेर येतो, अर्ध्या तरंगलांबीने मागेपुढे झाल्या तर अंधार होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माख आणि त्सेंडर यांनी टेबलावर आरशांनी केलेली ही रचना बोटभर लांबीच्या स्फटिकात मावते आणि सेकंदाला अब्जावधी वेळा उघडझाप करते. पण गोलसर फायबरमधून चपट्या वाटेत आणि तिथून परत फायबरमध्ये जाताना प्रकाश सांडतो. व्यापारी मॉड्युलेटरमध्ये एका खेपेला 3 ते 5 डेसिबल जातात, म्हणजे निम्मा प्रकाश किंवा त्याहून जास्त. सरळ रेषेत हे चालते, फाटक एकदाच ओलांडायचे असते. वेढ्यात ते प्रत्येक फेरीला ओलांडावे लागते. निम्मा प्रकाश दर फेरीला गेला तर दहा फेऱ्यांनंतर हजारावा भाग उरतो आणि वीस फेऱ्यांनंतर दहा लाखावा. त्याच वीस फेऱ्यांत 1 किलोमीटरचे फायबर मिळून फक्त 4 डेसिबल घेते. काच शुद्ध करण्यात अभियंत्यांनी कमावलेले सगळे फाटकावर गमावले जात होते. फायबरचा इतिहास म्हणजे काचेच्या शुद्धतेचा इतिहास, असे मानणाऱ्यांनी वेढ्याचा हा ताळेबंद पाहिला पाहिजे.

म्हणूनच पहिले खरे यश तिथे आले जिथे एकच फेरी पुरत होती. जॉर्ज सान्याक यांनी 1913 मध्ये दाखवले होते की फिरत्या चौकटीत एकाच बंद वाटेवरून उलटसुलट पाठवलेले दोन किरण एकाच क्षणी परत येत नाहीत. त्यांच्यातला फरक चौकटीच्या फिरण्याच्या वेगावर अवलंबून असतो. 1976 मध्ये युटा विद्यापीठातल्या वाली आणि शॉर्टहिल यांनी ही वाट फायबरच्या वेटोळ्याची केली. वेटोळे जितके लांब तितका फरक मोठा. पण फरक मोजणे हे वेगळेच काम होते. अगदी हळू फिरताना दोन किरणांतला फरक शून्याजवळ असतो, आणि नेमक्या तिथेच मिळणारा उजेड फरकाला दाद देत नाही. शिवाय डावीकडे फिरले की उजवीकडे, हेही त्यातून कळत नाही. यावर काढलेली तोड मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी वाटते. फेज बदलणारा मॉड्युलेटर वेटोळ्याच्या मध्यावर न ठेवता एका टोकाला ठेवायचा. एका दिशेचा किरण त्याला निघतानाच भेटतो, दुसऱ्या दिशेचा पोचताना. वेटोळे 1 किलोमीटरचे असेल तर दोन्ही भेटींत 5 मायक्रोसेकंदांचे अंतर पडते. मॉड्युलेटर सेकंदाला एक लाख वेळा मागेपुढे केला की एका किरणाला ढकल मिळते तेव्हा दुसऱ्याला बरोबर उलटी ढकल मिळते, आणि शून्यावरचे आंधळे मोजमाप उताराच्या तीक्ष्ण जागी सरकते. इथे विलंब हा अडथळा उरत नाही, मोजमाप त्याच्याच जोरावर होते. 1980 च्या दशकात फ्रान्स आणि अमेरिकेत लिथियम नायोबेटच्या एकाच चिपवर विभाजन, ध्रुवण आणि मॉड्युलेशन आणले गेले आणि फायबर जायरोस्कोप कारखान्यात पोचला. 1995 पासून प्रवासी वाहतूक करणाऱ्या बोइंग 777 मध्ये त्याला जागा मिळाली. ऑप्टिकल संगणक कधी येणार, अशी विचारणा करणाऱ्यांच्या विमानातच प्रकाशाचा वेढा चोख काम करत होता. त्याला संगणक म्हणत नसल्यामुळे तो कुणाच्या नजरेत भरला नाही.

संगणक म्हणवून घेणारा वेढाही आलाच. स्टॅनफर्डमध्ये 1980 च्या दशकाच्या पूर्वार्धात फायबर, जोडणारे कपलर आणि विलंब यांची जाळी उभारून गाळण्या, सहसंबंध आणि मॅट्रिक्सचे गुणाकार करून दाखवले गेले होते. पण त्याहून धीट प्रयोग कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या केंद्रात झाला. हॅरी जॉर्डन आणि व्हिन्सेंट ह्यूरिंग यांच्या गटाने 1993 मध्ये आज्ञावली स्वतःच्या स्मृतीत ठेवणारा ऑप्टिकल संगणक चालवून दाखवला. त्याची फाटके लिथियम नायोबेटची होती आणि स्मृती म्हणजे फायबरच्या वेढ्यात फिरत राहणारे बिट. घड्याळ 50 मेगाहर्ट्झचे. म्हणजे एका बिटाच्या वाट्याला 20 नॅनोसेकंद, आणि फायबरमध्ये त्याची लांबी सुमारे 4 मीटर. या यंत्रात बिट एका जागी धरून ठेवणारी कोणतीही सोय नव्हती. दोन बिट एका फाटकावर एकाच क्षणी भेटायला हवे असतील तर त्यांच्या वाटेची फायबर मोजून कापायची, एवढाच मार्ग होता. कापण्यात 2 सेंटिमीटर चुकले तर भेट 100 पिकोसेकंदांनी हुकते. संगणकाची रचना इथे अक्षरशः लांबीची रचना होते. त्याच वर्षी दुकानात मिळणारा पेंटियम 60 आणि 66 मेगाहर्ट्झवर धावत होता आणि त्याची स्मृती वाट्टेल त्या क्रमाने वाचता येत होती. वेढ्यातल्या स्मृतीत हवा तो बिट फाटकापाशी येईपर्यंत थांबावेच लागते. बोल्डरच्या यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही, विद्यापीठाने ते बाजारासाठी बांधलेही नव्हते. पण जिथे थांबण्याचा मोबदला काहीच मिळत नाही, तिथे वेढा विजेपुढे टिकत नाही, हे त्याने स्वच्छ दाखवले. त्यातून वेग वाढवावा तर तापमान आडवे येते. तापमान एक अंशाने बदलले की दर किलोमीटर फायबरमागे विलंब 35 ते 40 पिकोसेकंदांनी सरकतो. 50 मेगाहर्ट्झला हे खपून जाते. सेकंदाला 10 अब्ज बिटांच्या वेगाला 4 किलोमीटरच्या वेढ्यात एका अंशाने सिग्नल जवळपास दीड बिट इकडचा तिकडे होतो.

इथे एक आक्षेप येणारच. वेढ्याचे भाग्य फाटकाने बदलले नाही, 1987 मध्ये साउदॅम्प्टन आणि बेल लॅब इथे सिद्ध झालेल्या अर्बियम फायबर प्रवर्धकाने बदलले, असे म्हणता येईल. आक्षेपात तथ्य आहे. दर फेरीला सांडलेला प्रकाश भरून काढणारा प्रवर्धक आल्यावर दहा-वीस फेऱ्यांची मर्यादा संपली. पण प्रवर्धक भरपाई करतो तेव्हा स्वतःचा गोंगाटही मिसळतो. तो किती मिसळणार हे त्याला किती भरपाई करावी लागते यावर ठरते, आणि छोट्या वेढ्यात सर्वांत मोठी गळती फाटकाचीच असते. शिवाय प्रवर्धक सर्व काही सारखेच मोठे करतो, हवे आणि नको यांतला भेद त्याला कळत नाही. तो भेद करायला पुन्हा फाटकच लागते. याचे उत्तम उदाहरण समुद्रातल्या केबलच्या चाचणीत आहे. प्रवर्धकांवर चालणारी महासागरी केबल टाकण्याआधी 9000 किलोमीटरवर सिग्नल टिकेल का, हे पाहायचे होते. तेवढे फायबर आणि त्यावरचे शेकडो प्रवर्धक प्रयोगशाळेत मांडणे परवडणारे नव्हते. 1991 मध्ये नील बर्गानो आणि बेल लॅबमधल्या सहकाऱ्यांनी सेकंदाला 5 अब्ज बिट 9000 किलोमीटरपर्यंत नेऊन दाखवले, तेही वेढ्यात फिरवून. समजा वेढा 100 किलोमीटरचा आहे. पहिले 500 मायक्रोसेकंद एक फाटक उघडे ठेवून वेढा सिग्नलने भरायचा, मग ते बंद करून वेढ्यातले दुसरे फाटक उघडायचे आणि प्रकाशाला 90 फेऱ्या मारू द्यायच्या. फेरीगणिक थोडा प्रकाश मोजणाऱ्या उपकरणाकडे जातच असतो. उपकरणाला सांगून ठेवायचे की फक्त नव्वदाव्या फेरीकडे बघ. 45 मिलिसेकंदांत एक प्रयोग संपतो. या कामाला लिथियम नायोबेटचे चपळ फाटक चालत नाही, कारण ते बंद असतानाही हजारावा भाग झिरपतो आणि फेऱ्यांगणिक साचतो. म्हणून ध्वनिलहरींनी प्रकाश वळवणारे अकूस्टो-ऑप्टिक फाटक वापरतात. ते संथ असते, पण बंद म्हणजे बंद. कोणते फाटक बसवायचे, या निवडीवर सगळ्या चाचणीची विश्वासार्हता उभी होती.

वेढा म्हणजे केबल नव्हे, हा दुसरा आक्षेप त्या काळीही घेतला गेला, आणि तो पहिल्यापेक्षा जड आहे. खऱ्या केबलचा प्रत्येक तुकडा वेगळा असतो. वेढ्यात तोच तुकडा नव्वद वेळा येतो, म्हणून त्यातला एखादा गुण किंवा दोष दर फेरीला त्याच दिशेने भर घालतो. ध्रुवणाच्या बाबतीत हे विशेष खरे ठरले: वेढा नशिबाने अनुकूल लागला तर निकाल फाजील चांगला यायचा आणि प्रतिकूल लागला तर फाजील वाईट. यावर पुढे सापडलेला इलाज म्हणजे वेढ्यात आणखी एक मॉड्युलेटर बसवून दर फेरीला ध्रुवण बदलत राहणे. आक्षेपाचे पुरते निरसन यातून झाले असे मी म्हणणार नाही. पण वेढ्याचा एक फायदा सरळ केबलला कधीच देता येत नाही: हजाराव्या, दोन हजाराव्या, पाच हजाराव्या किलोमीटरला सिग्नल कसा दिसतो, हे एकाच जागी बसून पाहता येते. आणि शेवटी कौल समुद्राने दिला. 1995-96 मध्ये प्रशांत आणि अटलांटिक महासागरांत प्रवर्धकांवरच्या केबल पडल्या आणि चालल्या. 1997 मध्ये ब्रिटनहून जपानला जाताना मुंबईला स्पर्श करणारी फ्लॅग केबल याच जातीची होती.

केबलची ती वेढ्यातली चाचणी झाली त्याच वर्षी, 1991 मध्ये, जपानच्या एनटीटीमध्ये मासाताका नाकाझावा यांच्या गटाने वेढ्यात सेकंदाला 10 अब्ज बिटांची सॉलिटॉन गाडी दहा लाख किलोमीटर पळवली. पृथ्वीला पंचवीस प्रदक्षिणा. प्रकाशाला त्यासाठी 5 सेकंद फिरत राहावे लागले. सॉलिटॉन म्हणजे फायबरमध्ये आपला आकार न सोडणारी पल्स. तिचा आकार टिकला तरी प्रवर्धकांच्या गोंगाटाने तिची वेळ थोडी थोडी ढळत जाते, हे गॉर्डन आणि हाउस यांनी 1986 मध्येच दाखवले होते, आणि त्यामुळे काही हजार किलोमीटरांनंतर शेजारच्या पल्सांची सरमिसळ होते. नाकाझावा यांनी वेढ्यात लिथियम नायोबेटचा मॉड्युलेटर बसवला आणि तो बिटांच्याच तालावर उघडझाप करत ठेवला. वेळेवर आलेली पल्स अखंड जाते, उशिरा किंवा लवकर आलेलीची कड छाटली जाते आणि ती हळूहळू मध्याकडे ओढली जाते. दोन पल्सांमधला गोंगाट फाटकाबाहेरच राहतो. प्रवर्धकाच्या एकट्याच्या बळावर हे कदापि झाले नसते, पहिल्या आक्षेपाला माझे उत्तर हेच आहे. तरीही समुद्रात हे फाटक कधी उतरले नाही. एकाच फायबरमधून अनेक रंगांचे सिग्नल पाठवण्याची पद्धत रूढ झाली, आणि प्रत्येक रंगाचा ताल वेगळा असल्याने समुद्रतळाशी प्रत्येकासाठी वेगळे फाटक आणि वेगळे घड्याळ लागले असते. प्रयोग अजोड होता, बाजार दुसरीकडे गेला. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत.

वाट पाहणे हेच जिथे काम आहे, अशी आणखी एक जागा कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत सापडली. स्टीव्ह याओ आणि लुते मालेकी यांनी 1990 च्या दशकाच्या मध्यावर लेसरचा प्रकाश मॉड्युलेटरमधून काही किलोमीटर फायबरमध्ये सोडला, पलीकडे त्याची वीज केली आणि ती वीज त्याच मॉड्युलेटरला परत दिली. वेढा आपोआप एका मायक्रोवेव्ह कंप्रतेवर गाऊ लागतो. एरवी सुरासाठी वापरल्या जाणाऱ्या क्वार्ट्झ स्फटिकाची कंप्रता कमी असते आणि गुणाकार करून ती वर चढवताना गोंगाटही चढतो. या रचनेत 10 गिगाहर्ट्झ थेट मिळतात आणि वेढा जितका लांब तितका सूर शुद्ध. याची किंमतही लांबीतच मोजावी लागते. 4 किलोमीटरच्या वेढ्यात दर 50 किलोहर्ट्झला एक उपसूर डोकावतो, म्हणून लांब वेढ्याला एक आखूड वेढा जोडून नको ते सूर दाबावे लागतात.

गेल्या पंधरा वर्षांत वेढ्याकडे पुन्हा गणनेसाठी पाहिले जाऊ लागले आहे, पण या वेळी मागणी वेगळी आहे. 2012 मध्ये फ्रान्समधल्या बझाँसाँ इथून (घड्याळांच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव वेळेशी खेळणाऱ्या यंत्राला शोभूनच दिसते) आणि ब्रसेल्समधून जवळपास एकाच वेळी दाखवले गेले की एक मॉड्युलेटर आणि फायबरचे एक रीळ मिळून लहानसे न्यूरल जाळे होऊ शकते. वेढ्यातल्या काळाचे, समजा, पन्नास कप्पे पाडायचे आणि प्रत्येक कप्प्याला एक न्यूरॉन समजायचे. पन्नास उपकरणांऐवजी एकच उपकरण पन्नास वेळा वापरायचे. दूरसंचारवाले मॉड्युलेटरच्या प्रतिसादाची वक्रता दोष मानून टाळत आले. इथे तीच हवी असते, ती नसेल तर जाळे काही शिकत नाही. 2016 मध्ये एनटीटी आणि स्टॅनफर्डच्या गटांनी 1 किलोमीटरच्या वेढ्यात 2000 पल्स फिरवून निवडीचे अवघड गणित सोडवायला घेतले आणि 2021 मध्ये 5 किलोमीटरच्या वेढ्यात ही संख्या एक लाखावर नेली. यावर तिसरा आक्षेप असा: पल्स मोजून, गणित करून मॉड्युलेटरला हुकूम देणारी चिप विजेची आहे, मग प्रकाश काय करतो? खरे सांगायचे तर या यंत्रात आकडेमोडीचा मोठा वाटा विजेकडेच आहे, आणि त्याला निखळ प्रकाशयंत्र म्हणणे जाहिरातीचे बोलणे झाले. पण मॉड्युलेटर जन्मापासून विजेचा हुकूम ऐकणाराच आहे; जायरोस्कोपमध्येही आणि केबलच्या चाचणीतही. हिशेब विजेचा, साठवण आणि समांतरता प्रकाशाची, ही वाटणी कमीपणाची मानायचे कारण नाही.

ही वाटणी कुठे तुटते तेही दिसले आहे. टोरोंटोच्या झनाडू कंपनीच्या बोरिआलिस या यंत्रात तीन वेढे एकामागून एक होते. पहिला एका पल्सइतका, म्हणजे सुमारे 33 मीटर, दुसरा सहा पल्सांइतका आणि तिसरा छत्तीस पल्सांइतका, म्हणजे 1200 मीटरच्या आसपास. प्रत्येकावर पल्सची कितपत देवाणघेवाण व्हावी हे ठरवणारे फाटक. 2022 मध्ये त्यातून 216 पल्सांचा क्वांटम नमुना काढला गेला आणि हेच काम महासंगणकाला हजारो वर्षे लागेल असा दावा झाला. क्वांटम प्रकाशाला प्रवर्धक चालत नाही, प्रवर्धन केले की त्याचे क्वांटमपण जाते. म्हणून फाटकावर सांडलेला प्रत्येक फोटॉन कायमचा गेला. 2024 मध्ये भौतिकशास्त्रज्ञांनी नेमकी ही गळती हाताशी धरून अशा प्रयोगांची क्वांटम नसलेल्या संगणकावर नक्कल करण्याची रीत प्रसिद्ध केली आणि दाव्याची धार बोथट झाली. दोष शोधणाऱ्यांना कुठे बोट ठेवायचे ते ठाऊक होते.

आता फाटकात मोठा बदल झाला आहे. लिथियम नायोबेटचा एक मायक्रोमीटरहूनही पातळ थर वापरून हार्वर्ड आणि बेल लॅबच्या संशोधकांनी 2018 मध्ये जे मॉड्युलेटर दाखवले, त्यांत चिपच्या आतला तोटा अर्ध्या डेसिबलहून कमी होता आणि साध्या संगणक-चिपइतके व्होल्टेज त्यांना पुरत होते. चिपवरून फायबरमध्ये येतानाची गळती मात्र अजून पूर्ण आटोक्यात नाही. यावरून काहींनी भाकीत केले की वेढाही चिपवरच कोरला जाईल आणि रिळे अडगळीत जातील. मला ते पटत नाही. त्याच पदार्थातल्या उत्तम वाटेवर आज मीटरला 3 डेसिबलच्या आसपास प्रकाश जातो, म्हणजे किलोमीटरला 3000. फायबरमध्ये किलोमीटरला 0.2. फरक पंधरा हजार पटींचा आहे. काही नॅनोसेकंदांचा विलंब चिपवर खुशाल करता येईल. 5 मायक्रोसेकंद हवे असतील तर फाटक चिपवर आणि वेढा रिळावर, हीच मांडणी यापुढेही राहील.